हे कशावरून?

चि. भाचीस,


बाबाने पाठवलेलं पार्सल परवा पोहोचलं. चिवड्याच्या डब्याखाली तुझी प्रश्नमंजुषेची वही होती आणि वहीत चिठ्ठी: आंतरशालेय स्पर्धेच्या संघात निवड झाली आहे, आत्याने वही तपासून चुका सांगाव्यात. आत्याने दोन रात्री बसून ती पानन्‌पान वाचली. विज्ञान निळ्या शाईत, संगणक हिरव्या, आणि कॉमिक्स, व्हिडिओ गेम, विज्ञानकथा लाल. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. एवढी मेहनत शाळेच्या वयात तुझ्या आत्याने केली नव्हती. चुका थोड्याच आहेत, त्या पेन्सिलीने खुणावल्या आहेत. पण त्या वहीत एक रकाना कुठेच नाही, आणि हे पत्र त्या रकान्यासाठी आहे.

तुझं अकरावं पान काढ. ‘संगणकातला पहिला बग कोणी शोधला? ग्रेस हॉपर, १९४५.’ कितीतरी पुस्तकांत हे असंच छापलेलं आहे, तेव्हा दोष तुझा नाही. घडलं ते असं. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क टू’ नावाचा संगणक नौदलासाठी बांधला जात होता. त्याचं काम चालायचं रिलेंवर, म्हणजे वीज आली की खटकन मिटणाऱ्या आणि गेली की उघडणाऱ्या धातूच्या कळांवर. ९ सप्टेंबर १९४७ रोजी दुपारी पावणेचारला ‘एफ’ पॅनेलमधल्या ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला, दिव्याभोवती घिरट्या घालतो तसलाच. तिथल्या लोकांनी तो काढला, कामाच्या नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि शेजारी लिहिलं की ‘बग’ सापडल्याची ही पहिली खरीखुरी घटना आहे. ती वही आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे आणि पतंग अजूनही त्या पानावर आहे. ग्रेस हॉपर त्या गटात होत्या. पुढे हा किस्सा त्या भाषणांतून फार रंगवून सांगत, म्हणून पतंग लोकांनी त्यांच्याच नावावर मांडला. मूळ पानावर फक्त तारीख आहे, साल नाही. १९४५ हे नंतर कुणीतरी घातलेलं. त्या वर्षी मार्क टू पुरा झालेलाच नव्हता.

आता ‘खरीखुरी’ या शब्दावर जरा थांब. आधीपासून यंत्रातल्या बिघाडाला ‘बग’ म्हणायची रीत नसती, तर ‘या वेळी खरोखरचा किडा निघाला’ ही गंमत लिहिणाऱ्याला सुचलीच नसती. म्हणजे शब्द पतंगापेक्षा जुना. तसा तो आहेही: थॉमस एडिसनने १८७८ मधल्या पत्रात आपल्या यंत्रांतल्या खोडींसाठी तो वापरला आहे. एडिसनचं पत्र ठाऊक नसलं, तरी नोंदवहीतल्या एका शब्दावरून एवढं अनुमान तुला घरबसल्या करता आलं असतं. मात्र त्यासाठी उत्तर पाठ करून पान उलटण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता: हे कशावरून?

तोच तो रकाना. प्रत्येक उत्तरापुढे ‘कशावरून’ असा तिसरा रकाना आख.

आत्याला हे शहाणपण एका मुलाकडून मिळालं. २००२ साली एका शाळेत आत्या क्विझमास्टर होती. चंद्रावरून दिसणारी माणसाने बांधलेली एकमेव वस्तू कोणती, असा प्रश्न होता आणि हातातल्या कार्डावर उत्तर होतं चीनची भिंत. सातवी-आठवीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, “बाई, भिंत रुंद किती असते?” पुस्तकात असंच दिलंय, असं सांगून आत्याने त्याला बसवलं. त्याचा संघ त्याच प्रश्नाच्या गुणांनी मागे पडला. रात्री घरी गणित मांडलं. भिंत पाच-सहा मीटर रुंद, चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर दूर. हे प्रमाण डोक्यावरचा एक केस चार-पाच किलोमीटरवरून दिसण्याइतकं पडतं. कितीही लांब केस असो, इतक्या दुरून दिसणार कसा? पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००३ मध्ये, चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फेऱ्या मारून परतले. चंद्र राहू दे, तिथूनसुद्धा भिंत आपल्याला दिसली नाही, हे त्यांनीच सांगितलं. त्या मुलाला लांबी आणि रुंदी यांतला फरक कळला होता, आत्याला कळला नव्हता. ते गुण त्याला परत देता आले नाहीत, याची रुखरुख आजही आहे.

आता तुझ्या निळ्या शाईकडे. ‘कापरेकर स्थिरांक: ६१७४.’ बस्स, एवढंच! इतक्या सुंदर गोष्टीला तू एक ओळ दिलीस, याचं आत्याला खरंच वाईट वाटलं. कागद घे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, तर तेच साल घेऊ. त्यातले अंक उतरत्या क्रमाने लाव: ९५१०. चढत्या क्रमाने लाव: ०१५९. वजा कर, आले ९३५१. पुन्हा तसंच: ९५३१ वजा १३५९, ८१७२. मग ८७२१ वजा १२७८, ७४४३. पुढे ७४४३ वजा ३४४७, ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९, ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, ४१७६. आणि सातव्या खेपेला ७६४१ वजा १४६७: ६१७४. पुढे कितीही वेळा कर, ६१७४ हलत नाही. चारही अंक सारखे नसले, की कुठलीही चार अंकी संख्या घे, जास्तीत जास्त सात खेपांत इथेच येते. कापरेकरांच्या जन्मसालाला पुऱ्या सात लागल्या, ही आत्याच्या आवडीची गोष्ट.

पण कशावरून? हजारो संख्या करून पाहायच्या का? थोडं बीजगणित पुरतं, आणि ते तुला येतं. अंक मोठ्यापासून लहानापर्यंत अ, ब, क, ड असे धर. उलटी-सुलटी वजाबाकी सोडवलीस की उरतं ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क). म्हणजे मूळ संख्या कुठलीही असो, उत्तर ठरतं फक्त दोन फरकांवरून. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. जोड्या मोज, ५४ भरतात. आधी शून्य असलेल्याही धरून ९,९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ दारांतून आत शिरतात! आता ५४ उत्तरं तपासणं हे एका दुपारचं काम आहे. दुपार काढ आणि तपास. त्यानंतर ६१७४ तू कधी विसरणार नाहीस आणि स्पर्धेत कुणी प्रश्न फिरवून विचारला तरी अडणार नाहीस.

कापरेकर फर्ग्युसनमध्ये शिकले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. पदवीपुढे औपचारिक शिक्षण झालं नाही. नाशिकजवळ देवळालीला त्यांनी शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात अंकांशी खेळले. ६१७४ चा शोध १९४९ चा. जगभर नाव झालं ते मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा. आपल्या संख्यांना त्यांनी दिलेली नावंही बघ. डोंबिवली स्टेशनचं तेव्हाचं नाव डेम्लो. तिथे कल्पना सुचली म्हणून ‘डेम्लो संख्या’. १११ चा वर्ग १२३२१, तो त्यांतलाच. आणि गावावरून ‘देवळाली संख्या’.

ही देवळाली संख्या तुझ्या लाल शाईत लपून बसली आहे, हे तुझ्या ध्यानात आलेलं नाही. एखादी संख्या घे, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळव: १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे २१ ला आई आहे, १५. ज्या संख्येला अशी आईच सापडत नाही, ती देवळाली संख्या. २० तशी, ३१ तशी, आणि पुढची ४२. करून बघ: ३४ देते ४१, ३५ देते ४३, मधली ४२ कुणाकडूनच येत नाही. आणि ४२ म्हणजे तुझ्या लाल शाईतला सगळ्यात लाडका आकडा. डग्लस ॲडम्स यांची ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ ही मालिका १९७८ मध्ये बीबीसी रेडिओवर आली. तिच्यात ‘डीप थॉट’ नावाचा संगणक विश्वाच्या अंतिम प्रश्नाचं उत्तर पंचाहत्तर लाख वर्षं शोधतो आणि सांगतो, ४२. उत्तर हाती आलं, पण प्रश्नच कुणाला ठाऊक नाही! चाहत्यांनी त्या आकड्यात नाना अर्थ शोधले. आपण एक साधा, छोटा आकडा घेतला, इतकंच ॲडम्स सांगत राहिले. देवळालीचा संबंध योगायोगाचाच, पण पडताळता येतो तो योगायोग. ‘दोहोंना जोडणारं काय?’ अशा फेरीत लंडनचा रेडिओ आणि नाशिककडचे मास्तर एका प्रश्नात बसवता येतील. हा प्रश्न तू स्वतः तयार कर.

प्रश्न तयार करायला शिक, हा आत्याचा खास आग्रह. तू लिहिलं आहेस: ‘वाय-फायचा शोध कोणत्या नटीने लावला? हेडी लमार.’ हे चूक आहे, आणि खरी गोष्ट याहून कितीतरी सरस आहे. ११ ऑगस्ट १९४२ ला लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना गुप्त संदेशवहनाचं पेटंट मिळालं. पाणतीराला रेडिओने दिशा द्यायची, पण शत्रूने संदेश अडवू नये म्हणून पाठवणारा आणि घेणारा, दोघांनी एकाच वेळी एकाच क्रमाने वारंवारता बदलत राहायचं. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेली कागदी गुंडाळी असते, तशीच गुंडाळी इथे क्रम ठरवणार होती. वारंवारता किती? ८८. आता असं विचार: एका संगीतकाराचं नाव असलेल्या पेटंटात ८८ वारंवारता आहेत, हा आकडा कुठून आला? ज्याने पियानोच्या पट्ट्या मोजल्या आहेत तो विचार करत करत उत्तरापर्यंत येईल. नाव पाठ असायची गरज नाही. अशा प्रश्नाला क्विझवाले ‘वर्कआउट होणारा’ म्हणतात. अशा प्रश्नात जो आनंद मिळतो, तो नुसत्या पाठांतरात मिळत नाही.

स्पर्धेबद्दल थोडंच. प्रश्न पुरा होईपर्यंत बझर दाबू नकोस. खूण बहुधा शेवटच्या अर्ध्या ओळीत असते. शेजारची मैत्रीण पुटपुटली तर तिचं आधी ऐक. आणि क्विझमास्टरचं उत्तर चुकीचं वाटलं तर उभी राहा, अदबीने हिशेब मांड. गुण गेले तरी चालतील.

वही दुरुस्त करून परत पाठवते आहे. तिसरा रकाना दिवाळीपर्यंत निदान हिरव्या शाईपुरता भर, आत्या आली की एकत्र बसून वाचू. कापरेकरांची रीत तीन अंकी संख्यांना लावलीस तर सगळ्या कुठे जाऊन थांबतात, ते उत्तर मुद्दाम लिहीत नाही. बाबाचं जन्मसाल १९७८, ते तीनच खेपांत ६१७४ ला पोहोचलं. तुझ्या सालाला किती लागल्या ते कळव.

तुझी,
आत्या