आधी सर्व्हर कोणाचा ते विचारा

पालकहो, तुमची अकरावीतली मुलगी उद्या म्हणाली, "मला इन्स्टा नको, मॅस्टोडॉनवर खातं उघडायचंय," तर तुम्हाला आधी हायसं वाटेल, आणि ते साहजिक आहे. तिथे जाहिराती नाहीत. मूल तासन्‌तास खिळून राहावं म्हणून पोस्ट निवडून पुढे ढकलणारी यंत्रणाही नाही. ज्यांना फॉलो केलं त्यांचं लिखाण ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने दिसतं. मला स्वतःला ही जागा मनापासून आवडते. म्हणूनच सांगते, हायसं वाटलं म्हणून लगेच बाजूला होऊ नका. तिथला सर्वांत मोठा निर्णय पहिल्याच पायरीवर घ्यावा लागतो आणि तो एकट्या मुलीवर सोडण्यासारखा नाही.

ऑयगन रोश्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये मॅस्टोडॉन सुरू केलं. ते एका कंपनीचं एकच संकेतस्थळ नाही. कोणीही स्वतःचा सर्व्हर उभारू शकतो आणि असे हजारो सर्व्हर आहेत. त्यांतला एक निवडून तिथे खातं उघडायचं, हाच तो पहिला निर्णय. जिओवाला एअरटेलवाल्याशी बोलतो तसे एका सर्व्हरवरचे लोक दुसऱ्यावरच्यांशी बोलतात. म्हणून पत्त्यात आधी आपलं नाव येतं आणि पुढे सर्व्हरचं.

आता हा सर्व्हर चालवतं कोण? कुठे एखादी संस्था, कुठे चार मित्र, तर कुठे नोकरी सांभाळून रात्री तक्रारी वाचणारा एकच माणूस. बहुतेकांचा खर्च देणग्यांवर चालतो. नियम तेच ठरवतात, त्रास देणाऱ्याला तेच हाकलतात. त्यामुळे 'मॅस्टोडॉन मुलांसाठी सुरक्षित आहे का?' या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. जुलै २०२३ मध्ये स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरी या संशोधन गटाने अशा सर्व्हरांवरच्या दोन दिवसांतल्या सुमारे ३,२५,००० पोस्ट तपासल्या. त्यांत बाललैंगिक शोषणाचं आधीपासून नोंद असलेलं साहित्य ११२ वेळा सापडलं. हे वाचून पोटात गोळा येतो. पण काही सर्व्हर असलं काहीही क्षणभर खपवून घेत नाहीत, तर काहींवर लक्ष द्यायलाच कोणी नसतं, हेही तितकंच खरं आहे. मूल कोणत्या सर्व्हरवर जाणार यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून खातं उघडण्याआधी दोघांनी शेजारी बसून त्या सर्व्हरचं माहितीचं पान वाचा. चालवणाऱ्याचं नाव आणि संपर्क दिलाय का? नियम नेमके आहेत का? वयाची अट काय? काही सर्व्हरांवर अठराखालच्यांना प्रवेशच नसतो, आणि तिथे खोटी जन्मतारीख टाकायला तुम्ही तरी मदत करू नका. कोणकोणते सर्व्हर अडवले आहेत याची यादी बरेच जण तिथेच देतात. ती लांबलचक दिसली तर घाबरू नका. कोणीतरी जागं असल्याचीच ती खूण आहे. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत ज्यांना जागा हवी, त्यांना काही वचनं द्यावी लागतात: द्वेषाला थारा नाही, रोज बॅकअप, चालवणाऱ्याखेरीज आणखी एकाकडे किल्ल्या, आणि बंद करायचं झालं तर निदान तीन महिने आधी सूचना. नवख्यांनी याच यादीतून निवडावं. पुढे सर्व्हर बदलता येतो, फॉलोअर सोबत येतात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात.

पहिल्या दिवशी सगळं रिकामं दिसेल. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातून कितीतरी लोक मॅस्टोडॉनवर आले आणि त्यांतले बरेच परतही गेले. हा रिकामेपणा त्याचं एक कारण असणार, असं मला वाटतं. इथे कोणी ताट वाढून देत नाही. मुलीला आवडीचे हॅशटॅग फॉलो करायला सांगा: पक्षीनिरीक्षण, गणित, विणकाम, काहीही. ओळखीची एक पोस्ट लिहू द्या, पण त्यात कॉलेजचं नाव आणि राहण्याचं ठिकाण नको. पोस्टची भाषा मराठी निवडता येते, तीही आवर्जून निवडा.

फॉलो करणाऱ्या प्रत्येकाला आपण मंजुरी द्यायची, ही सोय सेटिंगमध्ये आहे. ती पहिल्याच दिवशी सुरू करा. आणि एक गोष्ट मुलांना हमखास माहीत नसते. तिथले खासगी निरोप व्हॉट्सॲपसारखे कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणारा ते वाचू शकतो. शिवाय मैत्रिणीला खासगीत लिहिताना तिसऱ्या मुलीचा मॅस्टोडॉनवरचा पूर्ण पत्ता मजकुरात टाकला, तर तो निरोप त्या तिसरीलाही जातो. सोळाव्या वर्षी यावरून मैत्री तुटते, मूल चार दिवस जेवत नाही, आणि घरात कोणालाच कळत नाही काय झालं. नंतर पोस्ट पुसली तरी दुसऱ्या सर्व्हरवर गेलेली प्रत पुसली जाईलच याची खात्री नसते. हे तिला आधीच सांगा, आणि नुसतं सांगू नका. तुमचंही एक खातं उघडा, एकमेकांना असा निरोप पाठवून तो कोणाकोणाला दिसतो ते दोघांनी मिळून पाहा. कोणी त्रास दिला तर तक्रारीचं बटण कुठे आहे, ती आपल्या सर्व्हरबरोबर त्या माणसाच्या सर्व्हरकडेही कशी पाठवायची, आणि गरज पडली तर त्याचा अख्खा सर्व्हरच आपल्यापुरता कसा बंद करायचा, हेही त्याच बैठकीत करून बघा.