टोमॅटोचे रोप : घरातून बागेत

घरी कुंडीत वा वाफ्यात वाढविलेली टोमॅटोची रोपे 25 ते 30 दिवसांची, 12 ते 15 सेंटिमीटर उंचीची झाली की बागेत लावण्यायोग्य होतात. परंतु सावलीत वाढलेले रोप एकाएकी उन्हात नेल्यास कोमेजते. म्हणून लागवडीपूर्वी आठवडाभर पाणी थोडे कमी करावे आणि तासभराच्या कोवळ्या उन्हापासून आरंभ करून ऊन रोज वाढवीत न्यावे. भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता : तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. रोपाचेही तसेच आहे.

लागवड सायंकाळी करावी. आधी वाफा भिजवावा, म्हणजे रोप मुळांभोवतीच्या मातीसह निघते. दोन ओळींत 60 व दोन रोपांत 45 सेंटिमीटर अंतर ठेवावे. खालची पाने काढून खोड थोडे खोल पुरावे. मातीत गेलेल्या खोडालाही नवी मुळे फुटतात. लगेच हलके पाणी द्यावे.

पहिले दोन-तीन दिवस रोप मलूल दिसेल. भिऊन ते उपटून पाहू नये. मुलाला प्रथमच वसतिगृहात ठेवून परतणाऱ्या मातापित्यांनीही हे ध्यानी घ्यावे. मूळ धरेपर्यंत धीर हवा. पाण्याची पाळी मात्र चुकवू नये.