सही खोटी म्हणण्यापूर्वी

वकिलाच्या नोटिशीत मागणी दोन गोष्टींची होती: लेखी माफी आणि नुकसानभरपाई. कारण असं, की मी एका खरेदीदाराला पत्र लिहून त्यांनी विकत घेतलेल्या बॅटवरच्या सह्यांबद्दल शंका कळवली होती. ते पत्र त्यांनी विक्रेत्याला दाखवलं आणि विक्रेत्याने माझ्यावर बदनामीचा ठपका ठेवला.

बॅट 1983 च्या विश्वविजेत्या संघाची म्हणून विकली गेली होती. चौदाही खेळाडूंच्या सह्या आणि सोबत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. घेणारे कोल्हापूरचे एक निवृत्त शिक्षक, आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. नातवाला क्रिकेटचं वेड, म्हणून साठवलेल्या पैशांतून त्यांनी ती घेतली. क्रिकेटपटूंच्या सह्या मी शाळेपासून जमवत आलो आहे, म्हणून त्यांनी मला बॅट दाखवली.

सह्या पाहताच मला खटकल्या. रेषा अडखळत गेल्या होत्या, सुरुवात आणि शेवट बोथट होते. हजारो वेळा सही केलेल्या माणसाचा हात वेगात फिरतो, त्याच्या रेषेची टोकं निमुळती होतात. नक्कल करणारा मात्र बघून बघून काढतो, म्हणून त्याची रेष थरथरते. पण हे सगळं माझं मत झालं, आणि मतावर न्यायालयात फार काळ उभं राहता येत नाही. माझ्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "काका, तुमची नजर बाजूला ठेवा. कागदावर काय आहे?"

मी प्रमाणपत्र पुन्हा वाचलं. त्यात लिहिलं होतं की चौदाही खेळाडूंनी 2022 साली मुंबईतल्या एका समारंभात प्रत्यक्ष सह्या केल्या. यशपाल शर्मा 13 जुलै 2021 रोजी गेले. उपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध 61 धावा करणारा हा माणूस 2022 मध्ये कुठल्याही बॅटवर सही करणं शक्य नव्हतं. आमच्या उत्तराचा सगळा भार त्या एका तारखेवर पडला. अडखळणाऱ्या रेषांबद्दल त्यात एक वाक्यही नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: आधी सही बघू नका, तिची हकिगत तपासा. सही कुठे झाली, कधी झाली, कुणासमोर झाली, आणि तिथून तुमच्यापर्यंत वस्तू कुणाकुणाच्या हातून आली. अमेरिकेत बेसबॉलपटू बेब रूथची म्हणून विकली जाणारी सही नॅशनल लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांचं नाव छापलेल्या चेंडूवर असली, तर पुढे काही बघायची गरजच उरत नाही. रूथ 1948 मध्ये गेला आणि जाइल्स अध्यक्ष झाले ते त्यानंतर. बॅटवरही असे पुरावे असतात: उत्पादकाचं बोधचिन्ह, प्रायोजकाचा स्टिकर, शाईचा प्रकार. आणखी एक गोष्ट भिंगाखाली नक्की बघा. सहीची रेष बारीक ठिपक्यांची दिसली, तर ती छापलेली आहे.

अमेरिकेतलंच ‘ऑपरेशन बुलपेन’ हे प्रकरण मी त्या काळात बारकाईने वाचलं. 1990 च्या दशकात एफबीआयने बनावट सह्यांच्या टोळ्यांमागे तपास लावला होता. सॅन दिएगो पॅड्रेस या बेसबॉल संघाचा खेळाडू टोनी ग्विन याला तर आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्यांचा माल विकायला ठेवलेला दिसला. मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा त्या टोळीने बनवले होते, आणि जवळजवळ प्रत्येक वस्तूसोबत प्रमाणपत्र होतंच. ऑक्टोबर 1999 मध्ये छापे पडले. पण टोळी अडकली ती हस्ताक्षरतज्ज्ञांच्या अहवालामुळे नव्हे. एफबीआयने निर्यातीचा धंदा करणारी खोटी कंपनी उभी केली, माल विकत घेतला, बोलणी ध्वनिमुद्रित केली. पुढे 2001 मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःची व्यवस्था सुरू केली. तिथला अधिकारी सहीच्या वळणावर मत देत नाही. खेळाडू सही करत असताना तो समोर उभा असतो आणि वस्तूवर क्रमांक असलेला होलोग्राम लावतो. डोळ्यांसमोर झालेली तीच सही खरी, एवढा साधा नियम आहे. आपल्याकडे अशी व्यवस्था प्रत्येक मंडळाने, प्रत्येक क्लबने सुरू करावी असं मला मनापासून वाटतं.

आता बदनामीबद्दल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीची शिक्षा दोन वर्षांच्या साध्या कैदेपर्यंत जाते, तेव्हा नोटीस हलकी समजू नका. त्याच कलमाला दहा अपवाद आहेत. त्यातला दहावा सांगतो की समोरच्याच्या हितासाठी, सद्भावनेने एखाद्याविषयी दिलेला सावधगिरीचा इशारा बदनामी ठरत नाही. माझं पत्र फक्त गुरुजींना होतं, त्यांनीच विचारल्यावर लिहिलेलं होतं आणि त्यात "विक्रेत्याने सह्या बनवल्या" असं कुठेही नव्हतं. तेच मी व्हॉट्सअ‍ॅपच्या चार गटांत टाकलं असतं, तर या अपवादाचा आधार घेणं अवघड गेलं असतं. म्हणून लिहायचं ते वस्तूबद्दल लिहा, माणसाबद्दल नको. सह्या कुणी केल्या हे तुम्हाला ठाऊक नसतं. विक्रेतासुद्धा कुणाकडून तरी फसलेला असू शकतो.

हाच फरक गुरुजींनी पैसे परत मिळवण्यासाठी केलेल्या दाव्यातही उपयोगी पडला. बनावट दस्तऐवज आणि फसवणूक यांची फौजदारी तक्रार करता येते. कायद्याच्या व्याख्येत कुठल्याही पदार्थावर अक्षरांनी व्यक्त केलेला मजकूर दस्तऐवज ठरू शकतो, मग तो लाकडावर का असेना. पण तिथे कुणी केलं आणि कुठल्या हेतूने केलं, हे निःसंशय सिद्ध करावं लागतं. ग्राहक आयोगापुढे एवढंच दाखवावं लागतं की वर्णन केलं तशी वस्तू मिळाली नाही. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून गुरुजींना मुंबईच्या खेपा घालाव्या लागल्या नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे, ती चुकवू नका. आणि पुन्हा विकून नफा कमावण्यासाठी घेतलेली वस्तू असेल, तर तुम्ही या कायद्यातले ग्राहकच ठरत नाही.

हस्ताक्षरतज्ज्ञाकडे जायचं झालं, तर फोटो घेऊन जाऊ नका. दाब आणि शाईचे थर फोटोत उतरत नाहीत. तुलनेसाठी त्याच खेळाडूच्या, त्याच काळातल्या, निर्विवाद खऱ्या सह्या लागतात, आणि एक-दोन पुरत नाहीत. मार्करने बॅटच्या गोलसर पाठीवर केलेल्या सहीत मूळ हाताच्या खुणा बऱ्याच पुसल्या जातात, हे प्रामाणिक तज्ज्ञ स्वतःहून सांगतो. तज्ज्ञाचं मत ग्राह्य असतं, पण ते सावधपणे वापरावं असं सर्वोच्च न्यायालयाने मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात म्हटलेलं आहे. तेव्हा पावती, बँकेतून दिलेली रक्कम, जाहिरातीचं चित्र, विक्रेत्याचे संदेश हे सगळं आधी गोळा करा. संदेश ज्या फोनवर आले तो फोन विकू नका, साफ करू नका. न्यायालयात त्यांची छापील प्रत द्यायची, तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आमचं प्रकरण तडजोडीने मिटलं. माझ्यावरची नोटीस मागे घेतली गेली, गुरुजींना पूर्ण रक्कम परत मिळाली. विक्रेत्याची अट होती की बॅट परत द्यावी. वादातल्या सह्या घासून काढाव्यात, ही आमची अट त्याने मानली नाही, आणि गुरुजींच्या वयाकडे बघून आम्ही ती सोडली. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती बॅट आता आणखी कुणाच्या घरी जाऊ शकते.

देण्यापूर्वी आम्ही एक मात्र केलं, आणि तुम्हीही करा. सगळ्या बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून, भर उजेडात बॅटचे फोटो काढले. विलोच्या दोन बॅटींवरच्या रेषा कधी तंतोतंत सारख्या नसतात, गाठी आणि डागही नसतात. ते फोटो आणि प्रमाणपत्राची प्रत मी वकीलबाईंच्या फाइलीत ठेवली आहे. अशी बॅट कुणी तुम्हाला दाखवली, तर पैसे देण्याआधी पात्याच्या रेषांचा स्वच्छ फोटो मागून घ्या. विक्रेता तो द्यायला टाळाटाळ करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवा.