क्रियाचिन्हांची ओळख : पायथन भाषेचा एक पाठ

२०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात मुलांना संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा परिचय करून देण्याची शिफारस केली आहे. हा विषय सुरू होताच मुलांना क्रियाचिन्हे भेटतात. संगणकाच्या परिभाषेत त्यांना ऑपरेटर म्हणतात. चिन्हे अंकगणितातून ओळखीची असल्यामुळे हा भाग सोपा समजून घाईने उरकला जातो, आणि पुढील पुष्कळ अडचणींचे मूळ तेथेच राहते.

क्रियाचिन्ह म्हणजे यंत्राला दिलेली आज्ञा होय. ७ + २ ह्यात ७ व २ ही पदे, आणि + ही त्यांवर करावयाच्या क्रियेची आज्ञा. आज्ञेचा अर्थ मुलाच्या मनात काय आहे ह्यावर नव्हे, तर भाषेने काय ठरविले आहे ह्यावर अवलंबून असतो. ह्या पाठासाठी पायथन ही भाषा घेतली आहे. नेदरलँड्सचे गिडो व्हान रॉसम यांनी ती रचली व १९९१ साली ती प्रथम प्रसृत झाली. पाठातील अंक येथे देवनागरीत छापले आहेत. यंत्रावर मात्र ते इंग्रजी पद्धतीने लिहावे लागतात.

१. बरोबरचे चिन्ह. इ. स. १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड ह्या वेल्श गणितज्ञाने समानता दाखविण्यासाठी दोन समांतर रेघा योजल्या. पायथनमध्ये = हे चिन्ह समानता सांगत नाही; उजवीकडील मूल्य डावीकडील नावाला द्यावे अशी ती आज्ञा आहे. म्हणूनच गुण = गुण + ५ हे विधान बीजगणितात अशक्य, पण येथे शुद्ध ठरते : जुन्या गुणांत ५ मिळवा व येणारी संख्या गुण ह्याच नावाखाली ठेवा. दोन मूल्ये समान आहेत काय, हा प्रश्न विचारावयाचा असेल तर == असे दुहेरी चिन्ह लागते. एकेरी चिन्ह आज्ञा करते, दुहेरी चिन्ह प्रश्न विचारते, हा भेद फळ्यावर ठळक लिहावा.

२. भागाकाराची तीन चिन्हे. कवाईतीसाठी ४७ मुले ६-६ च्या रांगांत उभी करावयाची आहेत. ४७ / ६ चे उत्तर दशांशात येते, ७.८३ हून किंचित अधिक. पण इतक्या रांगा मैदानावर करता येत नाहीत. ४७ // ६ चे उत्तर ७, म्हणजे पूर्ण रांगा. ४७ % ६ चे उत्तर ५, म्हणजे उरलेली मुले. % हे चिन्ह मुलांना शेकडेवारीचे म्हणून ठाऊक असते. येथे ते बाकी काढते, हे आधीच सांगावे.

३. क्रियांचा क्रम. कंसातील क्रिया प्रथम, नंतर गुणाकार-भागाकार, शेवटी बेरीज-वजाबाकी, हा क्रम येथेही पाळला जातो. मात्र ‘कंचेभागुबेव’ पाठ असलेली मुले बेरीज नेहमी वजाबाकीच्या आधी करू लागतात. ती दोन्ही समान दर्जाची असून डावीकडून उजवीकडे केली जातात. १० - ४ + ३ चे उत्तर ९, ३ नव्हे. आता एका मुलाला दोन चाचण्यांत ३० व ३४ गुण आहेत असे समजा. सरासरीसाठी ३० + ३४ / २ असे लिहिल्यास उत्तर ४७ येते. (३० + ३४) / २ लिहिल्यास ३२ येते, आणि तेच खरे. पहिल्या वेळी यंत्र कसलीही तक्रार करीत नाही. ज्याला मदतीची गरज आहे असा मुलगा पुढे गेलेला दिसतो, एवढेच.

४. आणि व किंवा. तुलनेच्या < व >= अशा चिन्हांचे उत्तर खरे किंवा खोटे असे असते. अशी दोन उत्तरे जोडण्यासाठी पायथनमध्ये अँड व ऑर हे इंग्रजी शब्द आहेत. अँडला दोन्ही अटी खऱ्या लागतात, ऑरला एकही पुरते. “मराठी आणि गणितात कच्च्या मुलांना जादा तासाला बसवा,” असे आपण सहज बोलतो. त्याचा अर्थ कोणत्याही एका विषयात कच्ची मुले असाच घ्यावयाचा असतो. पण हे वाक्य शब्दशः अँडने लिहिले तर दोन्ही विषयांत कच्ची मुलेच यादीत येतात, आणि फक्त गणितात मागे पडलेली मुलगी जादा तासाला मुकते. येथे ऑर हवे. यास्तव अट लिहिण्यापूर्वी मुलांकडून ती स्पष्ट मराठीत वदवून घ्यावी.

अध्यापनाची रीत. प्रत्येक विधान मुलांनी प्रथम क्रियेच्या शब्दांत मोठ्याने वाचावे, उत्तर वहीत लिहावे, आणि मगच यंत्राला विचारावे. दोन उत्तरे जुळली नाहीत तर कारण शोधणे हाच खरा पाठ होय. शाळेत संगणक एकच असला, तरी ह्या रीतीने सारा वर्ग काम करू शकतो.

सराव. उत्तरे आधी वहीत लिहा : (अ) १७ % ५ (आ) २ + ३ * ४ (इ) (२ + ३) * ४ (ई) २० - ८ + २ (उ) एखादी संख्या सम आहे काय, हे % व == ही चिन्हे वापरून कसे विचाराल?