मोबाईलचे छायाचित्र व कॅमेऱ्याचे स्वतंत्र ॲप

पीकनुकसानीचा पंचनामा असो, गावतळ्याचे काम असो वा शाळेची गळकी खोली असो. आज अनेक नोंदींसोबत मोबाईलचे छायाचित्र जोडले जाते. ते पुसट निघाल्यास खऱ्या नुकसानीचा पुरावाही दुबळा ठरतो.

फोनचे भिंग व प्रकाशसंवेदक बदलता येत नाहीत. परंतु मिळालेल्या प्रकाशावर कोणते संस्कार करावयाचे, हे ॲप ठरविते. २०१४ साली आलेल्या अँड्रॉइड ५.० पासून स्वतंत्र ॲपनाही कॅमेऱ्याचे सूक्ष्म नियंत्रण मिळण्याची सोय झाली. मात्र प्रत्येक फोनमध्ये ती पूर्णपणे उपलब्ध असतेच असे नाही.

उदाहरणार्थ, 'ओपन कॅमेरा' हे विनामूल्य ॲप घेऊ. फोनने साथ दिल्यास त्यात शटरचा वेग व आयएसओ स्वतः ठरविता येतो. अंधाऱ्या खोलीत आयएसओ वाढविल्यास चित्रात कण दिसतात. शटर मंद केल्यास हात हलून चित्र फिसकटते. म्हणून फोन टेबलावर टेकवून, आयएसओ कमी व शटर मंद ठेवून, टायमर लावावा. प्रखर ऊन व गडद सावली एकत्र असल्यास 'एचडीआर' निवडावे. त्यात कमीअधिक उजेडाची अनेक चित्रे एकत्र केली जातात. छायाचित्रावर दिनांक, वेळ व स्थान उमटविण्याची सोयही येथे आहे.

ॲप अधिकृत भांडारातूनच घ्यावे. एखाद्या योजनेसाठी विशिष्ट ॲप विहित असल्यास तेच वापरावे. मूळ छायाचित्र जपून ठेवावे. आणि सर्वांत आधी भिंग स्वच्छ कापडाने पुसावे. मळलेल्या भिंगावर कोणत्याही ॲपचा इलाज चालत नाही.