फिरतीचा भत्ता आणि पोटाचा हिशेब

आपल्या महाविद्यालयातून बी. कॉम. होऊन बाहेर पडणारे सगळेच विद्यार्थी बँकेत किंवा सनदी लेखापालाच्या कचेरीत टेबलापाशी बसत नाहीत. कित्येकांच्या वाट्याला फिरतीची नोकरी येते. कोणी औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, कोणी बियाणे, रंग किंवा यंत्रांचे सुटे भाग विकत गावोगाव हिंडतो, तर कोणी लेखापरीक्षकाबरोबर शाखा तपासायला जातो. आपल्या पाठ्यपुस्तकात या सगळ्या वणवणीला 'प्रवास खर्च' या नावाची एकच ओळ मिळते. ती नफा-तोटा पत्रकाच्या नावे बाजूला लिहिली की आपले काम संपते. त्या ओळीमागे एका माणसाचे महिन्यातले पंधरा-वीस दिवसांचे जेवण आणि झोप असते, हे उदाहरण सोडवताना आपल्या ध्यानात येत नाही.

माझे मामा वीस वर्षांहून अधिक काळ औषधांच्या धंद्यात फिरतीवर आहेत. हुबळी, गदग, कोल्हापूर, म्हापसा ही त्यांची नेहमीची वाट. त्यांच्याकडून आणि आपल्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांकडून जे ऐकले, त्याची वर्गात शिकलेल्या अर्थशास्त्राशी व करांच्या नियमांशी सांगड घालण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

भत्त्याचे दोन प्रकार

फिरतीवरील जेवणाचा खर्च देण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिली ठोक भत्त्याची. दिवसाला ठरावीक रक्कम मिळते, बिल मागितले जात नाही, उरेल ते आपले. दुसरी प्रत्यक्ष खर्चाची. बिल द्यावे, मर्यादेच्या आत असेल तेवढे पैसे घ्यावेत. दोन्ही पद्धती वरवर सरळ दिसतात. पण दोन्हींत एकेक मोह दडलेला आहे.

ठोक भत्त्यात मोह उपाशी राहण्याचा. समजा, जेवणाखाण्यासाठी दिवसाला ६०० रुपये मिळतात आणि महिन्यातले २० दिवस फिरतीचे आहेत. एक जण वडापाव, भजी आणि चहा यांवर २०० रुपयांत दिवस काढतो. त्याची बचत दिवसाला ४००, महिन्याला ८००० रुपये. दुसरा सकाळी ६० रुपयांचा नाश्ता करतो, दुपारी १२० रुपयांचे ताट घेतो, संध्याकाळी ५० रुपयांचे फळ व चहा आणि रात्री पुन्हा १२० रुपयांचे ताट. त्याचा खर्च ३५०, बचत दिवसाला २५०, म्हणजे महिन्याला ५००० रुपये. दोघांतला फरक महिन्याला ३००० रुपयांचा. घरी हप्ते थकलेले असतील, धाकट्या बहिणीची फी भरायची असेल, तर हे ३००० रुपये फार मोठे दिसतात. फिरतीवरचा माणूस पोट मारतो तो बहुधा चैनीसाठी नव्हे, घरासाठी मारतो. म्हणूनच त्याला दोष देणे सोपे नाही.

पण हिशेब पुरा करायला हवा. त्याचा पगार २४,००० रुपये धरला आणि आजारपणाने तीन दिवस बिनपगारी गेले, तर २४०० रुपये बुडाले. डॉक्टर आणि औषधे यांचे ८०० धरले तर ३२०० झाले. एका महिन्याची जादा बचत तीन दिवसांच्या तापाने खाल्ली. दर महिन्याला असा ताप येत नाही हे खरे. परंतु तेलकट आणि अवेळी खाण्याचे खरे बिल महिन्याच्या अखेरीस येतच नाही, ते दहा-पंधरा वर्षांनी येते. मामांना बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह असल्याचे कळले. तो केवळ फिरतीने झाला असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो 'दुपारी किती वाजता जेवता?' हाच. हिशेबशास्त्रात आपण यंत्राचा घसारा दरवर्षी काढून ठेवतो. शरीराचा घसारा कोणत्याच खातेवहीत दिसत नाही, इतकाच फरक.

प्रत्यक्ष खर्चाच्या पद्धतीत मोह उलटा. ३५० रुपयांचे जेवलात तर ३५०च मिळणार. काटकसर करून हाती काही येत नाही, म्हणून काही जण गरज नसता महागडे खातात, तर काही जण कोरे बिल मागून घेऊन त्यावर मनाजोगता आकडा लिहितात. नोकरीतला पहिला खोटेपणा पुष्कळदा अशा एका जेवणाच्या बिलापासून सुरू होतो. शंभर-दीडशेचा आकडा, कोण पाहतो, असे वाटते. मग हात त्याला सरावतो, आणि एक दिवस व्हाउचर तपासणीत तेच बिल पुढे येते.

पक्क्या बिलाचा आग्रह

येथे आणखी एक गंमत आहे, आणि ती वाणिज्याच्या विद्यार्थ्याने अवश्य समजून घ्यावी. अनेक कचेऱ्यांत वस्तू व सेवा कराचा क्रमांक असलेले बिलच चालते. आता, २० लाख रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या खाणावळीला सामान्यतः नोंदणीच करावी लागत नाही. ज्यांनी संयुक्त कर योजना घेतली आहे, त्यांना ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. म्हणजे बिलावर कर नसणे हा लबाडीचा पुरावा नव्हे. कायद्यानेच ते तसे असते.

बरे, करासह बिल आणले तर कंपनीचा लाभ काय? साध्या उपाहारगृहात ५ टक्के कर लागतो. पण खाद्यपदार्थांवर भरलेल्या कराची वजावट कंपनीला सामान्यतः मिळतच नाही. कायद्याने ती रोखलेली आहे. खोलीच्या भाड्याचेही सीमाभागात वेगळेच. बेळगावच्या पेढीचा माणूस कोल्हापूरच्या लॉजवर उतरला तर राज्याच्या वाट्याचा कर महाराष्ट्राचा लागतो. पेढीची नोंदणी फक्त कर्नाटकात असेल तर त्या कराची वजावट तिला घेता येत नाही. खोली दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतची असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, एवढा दिलासा मात्र आहे.

तात्पर्य, जेवणाच्या पक्क्या बिलाचा आग्रह पुराव्यापुरता ठीक. पण त्यापायी माणूस घरगुती खाणावळ सोडून महागड्या हॉटेलात जाणार असेल, तर कंपनीचे पैसेही जातात आणि माणसाचे पोटही बिघडते.

माझ्या मते यातून मध्यम मार्ग असा: खोलीचे भाडे प्रत्यक्ष बिलाने द्यावे, कारण ते गावागणिक बदलते आणि त्याचे बिल सहज मिळते, जेवणासाठी मात्र ठोक रक्कम द्यावी, कारण तेथे पुरावा गोळा करणे अवघड आणि आवड ज्याची त्याची. एक गोष्ट लक्षात असावी. खाजगी नोकरीत फिरतीचा दैनिक भत्ता प्रत्यक्ष खर्च झाला तेवढ्यापुरताच मिळकतकरातून सुटतो. म्हणून ठोक भत्ता मिळत असला तरी रोजचा खर्च वहीत टिपून ठेवणे शहाणपणाचे.

खाणावळ: दोन भाषांचा एकच शब्द

आपल्याकडे 'हॉटेल' म्हटले की खाण्याची जागा आणि 'लॉज' म्हटले की झोपण्याची. फिरतीवरच्या माणसाला या दोहोंपेक्षा मोलाची ती खाणावळ. हा शब्द आपल्या मासिकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना सारखाच परिचित आहे. हुबळी-धारवाडकडे दुकानांच्या पाट्यांवर 'खानावळी' असे कन्नड लिपीत सर्रास दिसते. ताटही फारसे निराळे नाही. तिकडची रोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, गुरेळ्ळ चटणी म्हणजे कारळ्याची चटणी, मोसरु म्हणजे दही, कोसंबरी म्हणजे कोशिंबीर. भाकरी, उसळ, पालेभाजी, दही आणि शेंगदाण्याची चटणी असे ताट शंभर-सव्वाशे रुपयांत मिळाले, तर त्याहून समतोल जेवण मोठ्या हॉटेलात शोधूनही सापडणार नाही.

खाणावळीचे अर्थकारणही अभ्यासण्यासारखे आहे. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका सावकाराच्या व वाण्याच्या उधारीत अडकत. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून अशा बायकांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची दारे त्यांच्यासाठी उघडली. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले हे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. त्याचा उपयोग एका चुलीपर्यंत कसा पोचला, याचे हे जिवंत उदाहरण. आपण खाणावळीत जेवतो तेव्हा आपला पैसाही बहुधा अशाच एखाद्या घरापर्यंत जातो.

काय खावे, कसे खावे

कन्नडमध्ये एक म्हण आहे: 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.' ज्याला जेवावे कसे ते कळते त्याला रोग नाही, ज्याला बोलावे कसे ते कळते त्याला भांडण नाही. विक्रेत्याची तर ही दोन्ही कामे. या म्हणीच्या पहिल्या अर्ध्या भागासाठी अनुभवी मंडळींनी सांगितलेल्या काही गोष्टी येथे देतो.

पहिली गोष्ट, आधी खाणावळ पाहावी, मग लॉज. खोली कशीही असली तरी रात्र निघते. जेवण वाईट असेल तर दुसरा दिवस फुकट जातो. लॉजचा हिशेब चोवीस तासांचा आहे की दुपारी बाराचा, हेही विचारावे. रात्री नऊला उतरणाऱ्याला बाराच्या हिशेबात पंधराच तास मिळतात. ९०० रुपयांची खोली चोवीस तासांना साडेसदतीस रुपये तास पडते, पंधरा तासांना ६० रुपये.

दुसरी, सकाळी इडली, उपीट किंवा पोहे यांपैकी काही घ्यावे. वडा आणि पुरी यांना रोजचा पाहुणा करू नये. दुपारचे जेवण साडेबारा ते दीडच्या दरम्यान गर्दीच्या खाणावळीत घ्यावे. गर्दी असते तेथे अन्न साचून राहत नाही. शिजवलेला भात तासन् तास बाहेर राहिला तर त्यात विषबाधा करणारे जंतू वाढतात व पुन्हा गरम करूनही त्यांचे विष जाईलच असे नाही, म्हणून अवेळी गेल्यास भाताऐवजी गरम भाकरी मागावी.

तिसरी गोष्ट 'पोटभर' थाळीची. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत आपण भाकरीच्याच उदाहरणाने शिकतो. प्लेट पद्धतीत प्रत्येक जादा भाकरीला पैसे पडतात, म्हणून माणूस वेळेवर थांबतो. पोटभर थाळीत पुढच्या भाकरीची किंमत शून्य. तेव्हा तो उपयोगिता शून्य होईपर्यंत, म्हणजे गरज संपल्यावरही, खात राहतो. पैसे वसूल होतात आणि दुपारच्या तीन भेटी झोपेत बुडतात. रोजच्या फिरतीला प्लेट बरी. पोटभर थाळी शनिवारी, काम संपल्यावर.

चौथी, मिठाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा अधिक मीठ खाऊ नये. ५ ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. बाहेरच्या जेवणात लोणचे, पापड, रस्सा आणि शेव यांतून ही मर्यादा केव्हा ओलांडली जाते ते कळत नाही. कोल्हापूरचा रस्सा किंवा गोव्याचे हुमण खाऊ नये असे माझे म्हणणे नाही. त्या गावी जाऊन ते न खाणे हाही एक तोटाच. पण त्या दिवशी लोणचे-पापडाला सुट्टी द्यावी.

पाचवी, पिशवीत आपला थोडा साठा असावा. मामा हल्ली खडक रोट्टी, म्हणजे पातळ कडक भाकरी, आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवतात. ती कोरडी असल्याने बरेच दिवस टिकते, आणि एस.टी. उशिरा पोचून खाणावळ बंद झालेली असली तरी भज्यांच्या गाड्यावर जाण्याची वेळ येत नाही. थोडे दही आणि दोन केळी मिळाली की रात्रीचे भागते.

शेवटची गोष्ट पैशांची. महिन्याच्या आरंभीच भत्त्याचे दोन भाग करावेत. वरच्या उदाहरणात दिवसाचे ३५० पोटाचे आणि २५० बचतीचे. बचतीचे २५० घरी पाठवावेत आणि पोटाच्या ३५० मधून काही उरवण्याची चढाओढ स्वतःशी लावू नये. घरच्यांनाही हा आकडा आधीच सांगावा. दर महिन्याला ५००० येणार हे त्यांना ठाऊक असले की ८००० पाठवण्यासाठी उपाशी राहण्याची पाळी येत नाही.

यंदा शेवटच्या वर्षाला असलेल्या मित्रमैत्रिणींना एकच विनंती. मुलाखतीत पगार किती हे आपण विचारतोच. नोकरी फिरतीची असेल तर भत्ता ठोक आहे की बिलावर, खोलीचे पैसे वेगळे मिळतात की त्यातच, आणि मुक्कामाच्या दिवसाची व्याख्या काय, हे तीन प्रश्नही निःसंकोच विचारावेत. पगाराचा आकडा नेमणूकपत्रावर असतो. आपण पुढची वीस वर्षे काय आणि केव्हा जेवणार, ते या तीन उत्तरांवर ठरते.