घनाचे पाहुणे

राजस्थानात भरतपूर शहराला लागूनच केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. केवलादेव हे तेथील शिवमंदिराचे नाव. सुमारे २९ चौरस किलोमीटरांच्या या भूमीला आसपासचे लोक 'घना' म्हणतात.

थंडीची चाहूल लागली, की येथील उथळ पाण्यावर उत्तरेकडील पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. तिकडची सरोवरे हिवाळ्यात गोठतात आणि अन्न मिळेनासे होते. म्हणून डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. तलवार बदके येतात, थापट्या बदके येतात. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा असलेला एक पक्षीही येथे दिसतो. मराठीत त्याला 'वारकरी' असेच नाव आहे!

एके काळी मात्र या पाहुण्यांचे स्वागत बंदुकांनी होत असे. घना ही भरतपूरच्या राजांची शिकारीची जागा होती. १९३८ साली एकाच दिवशी येथे चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. तो आकडा तेथील शिलाफलकावर कोरलेला आहे. पुढे डॉ. सालिम अली यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांच्या प्रयत्नांमुळे या जागेचे रक्षण झाले. १९८५ साली तिची जागतिक वारसास्थळांत गणना झाली.

आज येथे येणाऱ्यांच्या हाती दुर्बीण व कॅमेरा असतो. मात्र कॅमेऱ्यानेही पक्ष्यांना त्रास होऊ शकतो. परतीच्या दीर्घ प्रवासासाठी त्यांना भरपूर खाऊन अंगात शक्ती साठवावी लागते. वारंवार उडवून लावल्यास ती व्यर्थ खर्च होते. म्हणून सूर्य पाठीशी घ्यावा, निश्चल बसावे. पक्षी चरणे सोडून मान उंचावू लागला, की पुढे पाऊल टाकू नये.

पांढरेशुभ्र सायबेरियन क्रौंचही पूर्वी येथे येत. वाटेवर त्यांची शिकार होत राहिली. विसाव्याची तळी आटत गेली. २००२ साली शेवटची जोडी दिसली. क्रौंचांची पिल्ले आईबापांबरोबर उडूनच वाट शिकतात. वाट दाखविणारेच उरले नाहीत, तेव्हा येणेही थांबले. चीनमध्ये हिवाळा काढणारे क्रौंच आजही आहेत. पण भरतपुरात त्यांची छायाचित्रे तेवढी उरली आहेत.

मुलांनो, तुमच्या गावच्या तळ्यावरही हिवाळ्यात पाहुणे येत असतील. त्यांना दुरूनच पाहा. छायाचित्र घेतले, तर त्याखाली स्थळ व दिनांक अवश्य लिहा. कोण आले आणि कोण येईनासे झाले, हे अशा नोंदींवरूनच वेळीच कळते.